अंकुशभाऊ, तुझ्या ठरावाचं शेवटचं कलम

अंकुशभाऊ,

तू गेलास हे मला कोणी सांगितलं नाही. मी ते आधी डोळ्यांनी पाहिलं, आणि काय पाहिलं ते नंतर कळलं.

सकाळचे दहा वाजले होते. कतारात, दुखानच्या साइटवर चहाची सुट्टी झाली होती आणि आम्ही पत्र्याच्या सावलीत बसलो होतो. तू सुट्टीवर गेल्यापासून तुझी क्रेन चालवणारा नेपाळी ऑपरेटर माझ्या शेजारी बसून पराठा खात होता. मी फोन उघडला. तुमच्या बीडकडच्या पोरांचा ग्रुप आहे, त्यात तूच मला घेतलं होतंस. त्यावर एक व्हिडिओ आला होता. कुठल्या तरी लग्नाची वरात. हलगी कडाडत होती, फेटेवाले नाचत होते. एका माणसानं पिस्तूल वर धरून बार काढला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. असले व्हिडिओ मी शंभर पाहिलेत. अंगठा पुढं सरकवणारच होतो, तेवढ्यात गर्दीतून पांढऱ्या शर्टातला एक माणूस पुढं झाला. कॅमेऱ्याकडं त्याची पाठ होती. त्यानं दोन्ही हात आडवे पसरले, तळवे जमिनीकडं केले आणि जोरात हलवले.

आपल्या कामात त्या इशाऱ्याचा एकच अर्थ. जे चाललंय ते आहे तिथं थांबव, आत्ता. मी रिगर, खाली उभा राहून इशारे देणारा. तू ऑपरेटर, वर केबिनमध्ये. आठ वर्षांत किती वेळा मी तुला तो इशारा दिला असेल आणि किती वेळा तू क्षणात लोड अडवला असशील. त्या वरातीत तो कोणाला समजणार होता? मला समजला. तोंड दिसायच्या आधीच मी तुला ओळखलं.

आणि मी हसलो, भाऊ. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय करू? मला वाटलं, बघा, आमचा अंकुशभाऊ लग्नातसुद्धा साइटवरच आहे. नेपाळ्याला दाखवायला मी फोन त्याच्याकडं वळवला. म्हणजे दुसरा आवाज आला तेव्हा माझं लक्ष नव्हतं. मी पुन्हा पाहिलं तर पडद्यावर नुसती माती होती आणि पळणाऱ्या चपला होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. तुला तात्या म्हणणारा तुझा पुतण्या होता. "काका, तात्याला गोळी लागली. तालुक्याला न्यायलोत."

मी विचारलं, "कुठं लागली?"

तो म्हणाला, "मारुतीअण्णाच्या दारात." मी अंगाबद्दल विचारत होतो, तो जागा, लग्नघर सांगत होता. मग पुढचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागं कोणीतरी बाई ओरडत होती. ती तुझी बायको, आमच्या सुमनवहिनी, हे मला दोन दिवसांनी कळलं. मला त्यांचा आवाज ओळखू आला नव्हता.

काल तुझा दहावा झाला. दोह्याच्या नजमा भागातल्या आपल्या खोलीत आम्ही चौघांनी जेवण रांधलं आणि कोणाला जेवण गेलं नाही. डोकं अजून मानत नाही. परवा फोरमननं तुझ्या क्रेनच्या तपासणीचं काहीतरी विचारलं, तर मी सरळ म्हणालो, "त्याला विचारून सांगतो." फोरमन मल्याळी आहे, भला माणूस आहे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. मी किती तरी वेळ विचार करत राहिलो की हा असा का वागला.

आपलं भांडण कशावरून सुरू झालं ते आठवतं का? माझ्या भावाच्या लग्नावरून. मी सुट्टीवरून आलो होतो आणि खोलीत सगळ्यांना व्हिडिओ दाखवत होतो. किरणनं, त्याच धाकट्या भावानं, मुरूम-खडीच्या धंद्यात जम बसल्यावर परवान्याचं पिस्तूल घेतलं होतं. वरात वेशीत आली तेव्हा त्यानं ते माझ्या हातात दिलं. "दादा, कतारवरून आलाय, मान तुझा." मी हात वर करून दोन बार काढले. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. खोलीतली पोरं वा वा करत होती. तू खाटेवर बसून कांदा चिरत होतास. हात पुसून फोन घेतलास, पूर्ण पाहिलास, परत दिलास.

"गोळी वर गेलेली दिसतीय," तू म्हणालास. "खाली कुठं आली ते दाखव."

सगळे हसले. मीही हसलो. तू हसला नाहीस. "इलास, मी खरंच इचारायलो. वर गेली म्हणजे आभाळात ऱ्हायली का?"

मी चिडलो. तुला म्हणालो की तुझ्या पोटात दुखतंय. त्यानंतर तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. बसमध्ये शेजारी बसायचास, साइटवर माझे इशारे पाळायचास, पण शब्द नाही. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. कॅफेटेरियात करक चहाचे दोन कप घेऊन आलास आणि राणीची गोष्ट सांगितलीस.

राणी तुझ्या थोरल्या भावाची मुलगी. दुसरीत होती. घराच्या माळवदावर बसून वरात बघत होती. ती वरात दोन गल्ल्या पलीकडं होती, नाचणाऱ्यांना ती दिसतही नव्हती. गोळी कोणी मारली ते शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण वरातीत तीनशे माणूस होतं आणि कोणीच काही पाहिलं नव्हतं. पोलिसांनी ज्याला विचारावं तो म्हणे, मी तेव्हा जेवत होतो. राणीचा गुडघा कायमचा गेला. "पाय गेला त्याचं दुःख हायच," तू म्हणालास. "पण त्याहून लागलं ते हे, की सगळं गाव एकाच टायमाला जेवत होतं."

मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "चहा गार होतोय." तुझ्या जिवंतपणी मी माझ्या त्या दोन बारांबद्दल तुला एकदाही म्हणालो नाही की माझं चुकलं. तुझं काम करत राहिलो, त्यातच तू समजून घेशील असं धरून चाललो. तू समजून घेतलंस की नाही, तेही विचारायचं राहिलं.

तुझं काम म्हणजे गावातल्या लग्नांत बार बंद करायचा तो ठराव. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मी. सुरुवातीला मी थट्टाच केली. हवेत गोळीबार करणं गुन्हा आहेच, कायदा आहे, मग ग्रामसभेनं वेगळं काय करायचं? ग्रामपंचायत काय परवाना रद्द करणार आहे?

तू म्हणालास, "कायदा जिल्ह्याला ऱ्हातो. लगीन गावात लागतं."

मी म्हणालो, "कागदानं गोळी थांबत नाही."

आपण तेव्हा साइटवरच होतो. जून उजाडला होता, दुपारचं बाहेरचं काम कायद्यानं बंद झालं होतं, आणि आपण दोघं आत पंख्याखाली बसलो होतो. तू बाहेर बोट दाखवलंस. "त्या कागदानं ऊन कमी झालं का? नाही झालं. पण तू सावलीत बसलास का नाही?" मग म्हणालास, "इथं झाडू मारणारा बी 'स्टॉप' म्हणला की माझी क्रेन थांबती. मॅनेजर आला तरी इचारतो, कोण म्हणलं, कामून म्हणलं. अन् माझ्या गावात सरपंच बी पिस्तूलवाल्याला थांब म्हणू शकत नाही. पाहुण्याचा अपमान होतो म्हणं."

तिथून मी थट्टा सोडली. भांडण सोडलं नाही. दर शुक्रवारी आपण ते लिहायचो आणि खोडायचो. लग्नपत्रिकेवर छापायचं की शस्त्र आणू नये. बंदूक दिसली तर वाद्य बंद करायचं. पंचायतीचा सभामंडप आणि पाण्याचा टँकर त्या घराला द्यायचा नाही. इथपर्यंत माझं तुझं जमलं. शेवटच्या कलमावर आपण महिनाभर भांडलो. बार निघाला तर यजमानानं स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन, कोणी काढला ते नाव घेऊन सांगायचं, आणि गावातल्या प्रत्येक घरानं यावर आधीच सही करायची.

मी म्हणालो, "वेडा आहेस का? पोरीचा बाप जावयाच्या पाहुण्याविरुद्ध साक्ष देईल? हे कलम घातलंस तर पूर्ण ठराव पडेल."

"मग पडू दे."

"अंकुशभाऊ, अर्धं तरी पदरात पाड."

"ते कलम नसलं तर सगळे पुन्हा जेवत असतील," तू म्हणालास. आवाज चढवला नाहीस. मी वही आपटून उठून गेलो.

ठराव सुमनवहिनींनी मांडला. आधी महिलांच्या सभेत, मग प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत. पुतण्यानं फोन चालू ठेवला होता आणि आपण दोघं एकाच फोनला कान लावून बसलो होतो. खूप कालवा झाला. कोणीतरी म्हणालं, कतारचे शेठ तिथं बसून कायदे करायलेत. मग वहिनींचा आवाज आला, "राणी, उठ. हिथनं तिथवर चालून दाखव." त्यानंतर फोनमध्ये काहीच ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली. तू बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलंस. ती पोर चालत होती आणि सगळी सभा ते ऐकत होती. ठराव शेवटच्या कलमासकट मंजूर झाला. सही करणाऱ्यांत मारुतीअण्णा होते. त्यांच्या पोरीचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

तुला एअरपोर्टवर सोडायला मी आलो होतो. तिथंही भांडलोच. मी म्हणालो, "ठराव झाला, तुझं काम झालं. आता लग्नाला जा, जेव आणि गप बसून राहा. मध्ये पडू नकोस."

तू म्हणालास, "मध्ये कोणी पडायचंच नसलं तर लिवलं कशाला आपण?"

"आपण लिहिलं ते पोलिसांसाठी, पंचायतीसाठी."

"अन् मी कोण?" तू म्हणालास. तेवढ्यात रांग पुढं सरकली. "आल्यावर बोलू," म्हणून हात केलास. याचं उत्तर मी विमान सुटल्यावर बसमध्ये तयार केलं होतं. चांगलं उत्तर होतं, भाऊ. तू बाप आहेस, नवरा आहेस, असं काहीतरी होतं. आता ते कोणाला देऊ?

कागदानं गोळी थांबत नाही असं मी म्हणालो होतो आणि मी बरोबर ठरलो. पहिले काही दिवस हेच एक वाक्य डोक्यात फिरत होतं. इथल्या पोरांनी मला तेच ऐकवलं, सांत्वन म्हणून. "तुम्ही सांगितलं होतं त्याला." मला त्यांच्या कानाखाली मारावीशी वाटली. मग वाटलं, तुझ्याच मारावी. कशाला गेलास पुढं? पत्रिकेवर छापलं होतं, वाद्यं थांबलीही होती म्हणे. बार काढणारा नवऱ्या मुलाचा मामा होता, तालुक्याचा. तुझ्यावर त्याचा राग नव्हता. तो हसत होता. "बरं बाबा, ठेवतो," म्हणून हात खाली आणत होता आणि खाली आणतानाच गोळी सुटली. कोणाला मारायचंच नव्हतं. यामुळं मला जास्त सुचेनासं होतं. वैरी असता तर त्याला शिव्या तरी दिल्या असत्या.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. हे सुमनवहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं, चौथ्या दिवशी. आवाज बसला होता, पण एकेक गोष्ट क्रमानं सांगत होत्या.

तुला गाडीत घातल्यावर नवऱ्याकडची माणसं मारुतीअण्णांच्या पाया पडली. म्हणाली, पिस्तूल हातातून पडलं म्हणा. म्हणाली, अंकुशनंच हिसकायला हात घातला म्हणा. लगीन लागू द्या, बाकीचं आम्ही बघून घेतो. पोर हळदीच्या अंगानं आत बसलेली. अण्णांनी पाय सोडवून घेतले. डोक्याला फेटा तसाच, चालत निघाले. पोलीस ठाणं तीन किलोमीटरवर आहे. कोणीतरी मोटारसायकल आणली तर बसले नाहीत. ठाण्यात जाऊन मामाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "तो मी बोलावलेला पाहुणा हाय. बार त्यानं काढला. मी पाहिलं. लिहून घ्या."

हवालदारानं विचारलं म्हणे, "अण्णा, पोरीच्या लग्नाचा इचार केलाय का?"

अण्णा म्हणाले, "माझी सही हाय."

त्यांच्या मागून हलगीवाला गेला. मग अण्णांचे शेजारी, मग आचारी. संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या अंगणात बसायला जागा नव्हती. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यावेळी कोणीच जेवत नव्हतं."

मी फोन धरून खोलीबाहेर जिन्यात बसलो आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. तुझं कलम मी खोडायला निघालो होतो. तू ऐकलं असतंस तर तू गेल्यावर गावानं तुझ्या नावावर दोष टाकून जेवण उरकलं असतं. यानं तू परत येत नाहीस. मला हे गोड करून सांगायचं नाही. अण्णांच्या पोरीची सोयरीक मोडली, तिचं पुढं काय होणार हे कोणी सांगत नाही. वहिनी, स्वतःचं सुतक असताना, तिच्याजवळ जाऊन बसल्या. दोघी काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सरपंचांना आता ठरावाला तुझं नाव द्यायचंय. वहिनींनी नको म्हणून सांगितलं. "नाव दिलं की हार घालतेन आन् इसरतेन. त्यापरीस दर लग्नाआधी दारात उभं राहून ठराव वाचा. मी येते वाचायला." तुझी बायको आहे, भाऊ. आपण दोघं तिला फोनवर वाक्यं शिकवत होतो, आठवतं?

मी किरणला फोन केला. म्हणालो, ते पिस्तूल जमा कर. तो म्हणाला, "दादा, ते तुझ्या मित्राचं झालं, वाईट झालं, पण तो अपघात होता. माझा परवाना आहे." मी म्हणालो, त्या मामाचाही परवाना होता. त्यानं फोन ठेवला. अजून उचलत नाही.

मग मी आमच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला. ऑगस्टमध्ये माझी सुट्टी आहे, आणि मी घरी असताना पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आहे. म्हणालो, विषयपत्रिकेत एक विषय घ्यायचाय. मजकूर तयार आहे, शेजारच्या जिल्ह्यातला मंजूर झालेला आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूचक म्हणून कोणाचं नाव घालू?"

मी माझं सांगितलं. माझ्या त्या व्हिडिओवर त्यानंच हात जोडल्याची खूण टाकली होती. म्हणाला, "तुम्ही? बरं. अनुमोदक लागेल. तुमच्या गावात कोण देईल अनुमोदन, मला वाटत नाही."

मीही दोन दिवस यादी करत होतो. एकेक नाव घ्यायचो आणि सोडून द्यायचो. किरणच्या धंद्यावर अर्ध्या गावाची कामं चालतात. सख्खे चुलते म्हणाले, आम्हाला त्यात ओढू नको.

परवा दुपारी आईचा फोन आला. ती कधी स्वतःहून फोन लावत नाही, शेजारच्या सुनेकडून लावून घेतला होता. म्हणाली, "ग्रामसेवक येऊन गेला. कसला कागद हाय म्हणं."

मी सांगितलं. तुझं पण सांगितलं, सगळं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किरणच्या वरातीत तू हात वर केला व्हतास ना, तवा मी पोरांची डोकी मोजत व्हते. घरातली सगळी गोळा केली आन् माजघरात कोंडली. एक कमी भरत व्हतं. थोरलीचा बाळ्या. तू दुसरा बार काढला तवा तो मला सापडला न्हवता."

मला हे माहीत नव्हतं, भाऊ. कोणीच सांगितलं नव्हतं. बाळ्या मांडवामागं लघवीला गेला होता, त्याला काही झालं नाही.

मी म्हणालो, "आई, तेव्हाच का बोलली नाहीस?"

"सगळी हसत व्हती," ती म्हणाली. "तू लई दिसांनी आला व्हतास." मग म्हणाली, "ते अनुमोदक का काय, त्याला उभं राहून बोलावं लागतं का?"

"नाव घेतलं की हात वर करायचा. कोणी विचारलं तर बोलायचं."

"इचारू दे," आई म्हणाली. "माझं नाव लिव."